बियाणं बोगस, की आपलं काही चुकलं?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मे महिन्यातल्या पत्रांत वाचक ‘काय करू?’ असं विचारतात, जुलै लागला की ‘कुणाला धरू?’ असं विचारतात. या अंकासाठी तशीच सहा पत्रं निवडली आहेत. बियाणं कंपनी, दुकानदार किंवा ट्रॅक्टरवाला यांची वकिली आम्हाला करायची नाही. फसवणूक होते, हे आम्हीही जाणतो. पण आपल्या हातात काय होतं ते आधी तपासलं तर तक्रार पक्की होते, आणि चूक आपली निघाली तर पुढच्या हंगामाचं नुकसान वाचतं.

सोयाबीनच्या चार बॅगा पेरल्या. आठ दिवस झाले तरी निम्मंसुद्धा उगवलं नाही. दुकानदार म्हणतो बियाणं चांगलं आहे, भाऊ म्हणतो ट्रॅक्टरवाल्यानं खोल पेरलं, मला वाटतं बियाणंच बोगस. तक्रार कुणावर करू?
– एक शेतकरी, ता. रेणापूर, जि. लातूर

अर्ज लिहिण्याआधी खुरपं आणि फूटपट्टी घेऊन शेतात जा. पाच ठिकाणी एकेक मीटर तास (पेरणीची ओळ) उकरा आणि मातीत काय सापडतं ते लिहून ठेवा. एकरी ३० किलो बियाणं ४५ सेंटीमीटरच्या तासांत पेरलं, तर साधारण १२ ग्रॅमला १०० दाणे या हिशेबानं मीटरला २७-२८ दाणे पडायला हवेत. ७० टक्के उगवण धरली तर त्यातली १९-२० रोपं दिसली पाहिजेत.

उकरल्यावर मीटरमध्ये १२-१५ दाणेच सापडले, तर दाणे कमी पडले आहेत, बियाण्याचा दोष नाही. दाणा जसाच्या तसा टणक असेल तर ओल पोचली नाही. कोंब निघालाय, पण वर येता येता वाकडा होऊन मातीच्या पापडीखाली अडकलाय, तर कारण खोली किंवा पेरणीनंतरचा जोराचा पाऊस. सोयाबीनला आपल्या दोन्ही डाळी मातीतून वर उचलून आणाव्या लागतात, म्हणून तीन ते चार सेंटीमीटरच्या खाली गेलेला दाणा पापडी फोडताना दमतो. उगवलेलं एक रोप अलगद उपटा आणि मुळाच्या वरचा पांढरा भाग मोजा. तो मातीखाली होता, म्हणजे तीच तुमची पेरणीची खोली. पांढरा भाग सहा-सात सेंटीमीटर भरला तर भावाचं म्हणणं खरं आहे.

दाणा फुगून मऊ पडलाय, बोटात दाबला की पिठासारखा होतो, बुरशी दिसते, आणि शेतात पाणी साचलं नव्हतं, असं असेल तर मात्र बियाण्याकडे बोट दाखवायला जागा आहे. त्यातही एक प्रश्न स्वतःला विचारा. बीजप्रक्रिया करताना पाणी किती वापरलं? सोयाबीनचं टरफल पातळ, कोंब त्याच्या लगेच खाली. बियाणं भिजेल इतकं पाणी ओतलं, हातानं रगडलं किंवा उन्हात वाळवलं, तर टरफल सुरकुततं आणि निसटतं. औषध बियाण्याला जेमतेम चिकटेल इतकाच ओलावा हवा. क्रम असा: आधी बुरशीनाशक (कार्बोक्सिन अधिक थायरम, किलोला ३ ग्रॅम), मग कीटकनाशक, आणि शेवटी पेरणीच्या दोन-तीन तास आधी रायझोबियम व पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) ही जिवाणू खतं, प्रत्येकी २५० ग्रॅम १० किलोला. नंतर सावलीत सुकवायचं.

आता शेताच्या कडेला उभं राहून पूर्ण तुकडा बघा. दर पाचवा तास रिकामा असेल तर नळी तुंबली होती. ट्रॅक्टरच्या चाकाखालचे तास विरळ असतील तर माती दबली. फक्त सखल भाग गेला असेल तर पाणी साचलं. पहिल्या दोन बॅगांचा भाग दाट आणि पुढचा विरळ असेल तर दोन्हींचे लॉट क्रमांक पडताळा. सगळीकडे सारखंच विरळ असेल तर बियाण्याचा संशय बळावतो. गावात त्याच लॉटचं बियाणं आणखी कुणी पेरलं असेल तर त्याचं शेत पाहून या. तिथे चांगलं उगवलं असेल तर तुमची तक्रार टिकणार नाही. तीन-चार शेतांत तोच लॉट पडला असेल, तर सगळ्यांनी मिळून अर्ज करा.

बॅगेच्या कोपऱ्यात मूठभर दाणे हमखास राहतात. ते झटकून ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि सहा-सात दिवसांनी मोजा. प्रमाणित सोयाबीनची किमान उगवण ७० टक्के ठरलेली आहे. तुमच्या मोजणीला कायद्यात पुरावा म्हणत नाहीत, पण अर्ज करायचा की नाही हे ठरवायला ती पुरते.

संशय पक्का झाला तर थांबू नका. तालुका कृषी अधिकारी आणि पंचायत समितीचे कृषी अधिकारी, दोघांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. सोबत पक्कं बिल, लेबल, रिकामी बॅग आणि असेल तर नमुना जोडा. तालुक्याची तक्रार निवारण समिती शेतावर येऊन पाहणी करते. ती येईपर्यंत पूर्ण शेत मोडू नका. दुबार पेरणी थांबवणं परवडत नसेल तर निदान चार-पाच गुंठ्यांचा पट्टा तसाच ठेवा. पंचनाम्याची प्रत मागून घ्या. शेतकरी हा बियाण्याचा ग्राहक आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली स्पष्ट केलं आहे, त्यामुळे ग्राहक आयोगाचा रस्ताही खुला आहे.

एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये काढणीच्या तोंडावर पाऊस लागून राहिला, सोयाबीन शेतात भिजलं, आणि २०२० च्या खरिपात उगवणीच्या तक्रारींचा ढीग लागला. बियाणं खराब असणार, हे काढणीच्या वेळीच दिसत होतं. तेव्हा ज्यांनी मे महिन्यात गोणपाटावर १०० दाणे टाकून पाहिले, त्यांना पेरणीआधी बॅग बदलायला वेळ मिळाला. ती चाचणी फुकट आहे. विकत घेतलेल्या बॅगेचीही करा.

ट्रॅक्टरवाला सगळ्यांकडे एकाच सेटिंगवर पेरतो. बोललं की म्हणतो, ‘वीस वर्षं पेरतोय.’ त्याच्यापुढे आमचं काय चालणार?
– एक वाचक, ता. औसा, जि. लातूर

गावभर पेरणीची घाई असताना त्याला प्रत्येक शेतावर थांबायला सवड नसते. तपासणी तुम्ही करायची, आणि ती आदल्या संध्याकाळी, पेरणीयंत्र अंगणात किंवा शेडमध्ये उभं असताना. अर्धा तास पुरतो.

यंत्र जॅकवर किंवा दगडांवर उचला म्हणजे पेरणीचं चाक मोकळं फिरेल. चाकाचा घेर दोरीनं मोजा. समजा तो दीड मीटर भरला. चाकाचे २० फेरे म्हणजे ३० मीटर चाल. पाच फणांमध्ये ४५ सेंटीमीटर अंतर असेल तर यंत्राची रुंदी सव्वादोन मीटर. ३० गुणिले २.२५ म्हणजे ६७.५ चौरस मीटर. एकर साधारण ४,०४७ चौरस मीटरचा. एकरी ३० किलो पडायचं असेल तर या २० फेऱ्यांत ५०० ग्रॅम बियाणं पडलं पाहिजे, म्हणजे प्रत्येक नळीतून १०० ग्रॅम.

प्रत्येक नळीला प्लास्टिकची पिशवी बांधा, पेटीत निम्म्यापर्यंत बियाणं भरा, चाकावर खडूनं खूण करून चालीच्या वेगानं २० वेळा फिरवा आणि पिशव्या किराणा दुकानातल्या काट्यावर तोला. एका नळीतून ७० आणि दुसरीतून १२० ग्रॅम आलं तर आतली चकती झिजलीय किंवा नळीत मातीचा बोळा आहे. बीजप्रक्रिया केलेलं बियाणं थोडं अडखळत पडतं, म्हणून तपासणी त्याच बियाण्यानं करा. मोजणी झाली की पिशव्यांतलं बियाणं परत पेटीत टाका, पण हातमोजे घालून.

शेतावर गेल्यावर पहिल्या दोन ओळी झाल्या की ट्रॅक्टर थांबवा. पाच-सहा ठिकाणी उकरून खोली मोजा. रोटाव्हेटर मारलेल्या भुसभुशीत रानात फण जास्त आत जातो, तिथे खोलीचा बोल्ट एक छिद्र वर घ्यावा लागतो. ‘वीस वर्षं पेरतोय’ म्हणणाऱ्या माणसासमोर फूटपट्टी धरली की वाद आपोआप मिटतो. तुम्ही बांधावर सावलीत बसून राहिलात आणि त्यानं खोल पेरलं, तर उगवण न झाल्याचा निम्मा दोष तुमच्याकडे येतो, हे मान्य करायला हवं.

दरवर्षी घरचं सोयाबीन बियाण्याला ठेवते, पण उगवण कमी येते. मळणीवाला बियाणं फोडतो असं माझं मत आहे. घरात म्हणतात, सोडून दे, बॅगच घेऊ.
– एक शेतकरी भगिनी, ता. मालेगाव, जि. वाशिम

ताई, सोडू नका. सोयाबीन सरळ वाणाचं (संकरित नसलेलं) पीक आहे, प्रमाणित बियाणं एकदा घेतलं की त्याच्यापासून पुढची दोन वर्षं घरचं बियाणं चालतं. तुमचं निदानही बरोबर आहे, फक्त ते सुधारणं तुमच्या हातात आहे.

मळणीवाल्याला दर पोत्यामागे मिळतो. तो ड्रम जोरात फिरवणारच, कारण त्याला संध्याकाळपर्यंत तीन शेतं उरकायची असतात. बियाण्यासाठी लागणाऱ्या तीन-चार पोत्यांची मळणी वेगळी काढा आणि तेवढ्यापुरते पैसे तासावर किंवा जास्तीचे ठरवून द्या. दाण्यात १४ टक्के ओलावा असेल तर ड्रमचे फेरे मिनिटाला ४०० ते ५०० ठेवायचे, १३ टक्के असेल तर ३०० ते ४००. ओलावा बाजार समितीत किंवा आडत्याकडे मोजून मिळतो. मळणीवाल्याकडून फेरे मोजून घेता आले नाहीत तर दाणा बघा. पहिल्या अर्ध्या पोत्यातले १०० अख्खे दिसणारे दाणे घ्या. कपड्यांचं ब्लीच एक भाग आणि पाणी चार भाग यांच्या मिश्रणात ते दहा मिनिटं बुडवा. टरफलाला बारीक तडा गेलेले दाणे भराभर फुगून दुप्पट होतात, डोळ्यांना न दिसलेली इजा इथे दिसते. दहापेक्षा जास्त फुगले तर तिथल्या तिथे ड्रमचा वेग कमी करायला सांगा. तपासलेले दाणे फेकून द्या.

उरलेली चूक बहुतेक वेळा घरातच होते. कापणीनंतर ओल्या शेंगांची गंजी लावून ती तीन-चार दिवस झाकून ठेवली की आत गरम होतं आणि कोंब मरतो. बियाण्याचं पोतं ट्रॉलीतून जमिनीवर आदळलं तरी इजा होते. प्लास्टिकच्या पोत्यांत न भरता गोणपाटात भरा, खाली लाकडी फळ्या टाका, भिंतीपासून हातभर अंतर ठेवा आणि थप्पी चार-पाच पोत्यांच्या वर नेऊ नका. बियाण्याच्या थप्पीवर खताच्या गोण्या ठेवलेल्या आम्ही कितीतरी घरांत पाहतो.

मे महिन्यात चाचणी घ्या. पोत्यांच्या वरून, मधून आणि तळातून दाणे काढून एकत्र करा. ओलं गोणपाट पसरून दहा-दहाच्या दहा ओळी लावा, वर दुसरं ओलं गोणपाट टाका, गुंडाळी करून सावलीत ठेवा आणि रोज पाणी शिंपडा. सातव्या दिवशी मोजताना चांगला कोंब आणि मूळ दोन्ही असलेलेच दाणे धरा, नुसते फुगलेले नकोत. ७० उगवले तर एकरी ३० किलो. त्याखाली प्रत्येक टक्क्याला अर्धा किलो वाढवा, म्हणजे ६५ ला साडेबत्तीस आणि ६० ला ३५ किलो. ६० च्या खाली गेलं तर ते बाजारात विका, पेरू नका.

हवामानाचा अंदाज चुकला, त्यावर विसंबून पेरलं आणि दुबार पेरणी आली. अंदाज देणाऱ्यांवर कारवाई का होत नाही?
– एक वाचक, जि. हिंगोली

अंदाज जिल्ह्याचा असतो, पाऊस शिवारापुरता पडतो. पेरणीचा निर्णय आपल्या शेतातल्या ओलीवर घ्यायचा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून वाफसा (चिखल न होता पेरता येईल इतकी ओल) आल्याशिवाय सोयाबीन पेरू नये. मोजायला सरळ कडांचा, सपाट तळाचा कोणताही डबा झाडापासून दूर, उघड्यावर ठेवा. रोज सकाळी आतलं पाणी पट्टीनं मोजा, वहीत लिहा, डबा ओता. पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये जितकी, तितकाच पाऊस.

माझ्या कपाशीची पानं भेंडीच्या पानांसारखी लांबट, बोटांसारखी झाली. शेजाऱ्यानं धुऱ्यावर तणनाशक मारलं होतं. त्याच्याशी भांडण झालं. तो मान्य करत नाही.
– एक शेतकरी, ता. राळेगाव, जि. यवतमाळ

वर्णनावरून हे टू-फोर-डी या तणनाशकाचं नुकसान दिसतं. कपाशी या औषधाला इतकी नाजूक आहे की पंपात चिकटून राहिलेला अंशही पुरतो. म्हणून पोलीस पाटलांकडे जाण्याआधी नुकसानीचा नकाशा काढा.

वाऱ्यानं उडून आलेलं औषध असेल तर शेजाऱ्याच्या धुऱ्याकडच्या ओळी जास्त विद्रूप दिसतात आणि आत जाल तसतसं नुकसान कमी होत जातं. शेताच्या मध्यावर ठळक, किंवा तुम्ही जिथून फवारणी सुरू केली तिथे सर्वांत जास्त आणि पुढे पंप पुन्हा भरत जाल तसं कमी, असं दिसलं तर औषध तुमच्याच पंपातून गेलेलं आहे. मग आठवा: त्या पंपानं यापूर्वी ज्वारीत, उसात किंवा धुऱ्यावर काय मारलं होतं? पंप कुणाकडून मागून आणला होता का? मजुरानं नुसत्या पाण्यानं विसळला होता का?

नकाशा शेजाऱ्याच्या बाजूनं बोलत असेल तर भांडण संपवा, धुरा आयुष्यभराचा आहे. तुमच्या बाजूनं बोलत असेल तर फोटो काढा, कृषी सहाय्यकाला बोलावून पंचनामा करून घ्या आणि भरपाईचं बोलणं दोन माणसांसमोर करा.

झाड मेलेलं नाही. नवी वाढ निरोगी येते की नाही ते आठवडाभर पाहा. वेडावाकडा झालेला शेंडा खुडून टाका, ओल टिकवा आणि दोन टक्के युरिया, म्हणजे १० लिटरला २०० ग्रॅम, फवारा. पात्या येण्याच्या काळात फटका बसला असेल तर उत्पन्न घटणार, हे धरून चाला.

पंप धुताना तो आधी दोनदा साध्या पाण्यानं खंगाळा. मग १५ लिटरच्या टाकीत १०० ते १५० ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवा, थोडं नोझलमधून सोडा म्हणजे नळी आणि लान्सही (फवारणीची दांडी) भरतील, आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी ओतून नोझल आणि जाळी वेगळी घासा, पुन्हा दोन-तीनदा खंगाळा. ते पाणी विहिरीजवळ किंवा नाल्यात टाकू नका. एवढं करूनही खात्री हवी असेल तर पंपात साधं पाणी भरून कडेच्या चार-पाच कपाशीच्या झाडांवर मारा आणि आठवडाभर थांबा. तणनाशकाला दुसरा पंप घेऊन त्यावर लाल रंगाचा पट्टा मारला की ही सगळी खटपट वाचते.

फवारणी करताना माझ्याकडच्या मजुराला विषबाधा झाली. आता तो बरा आहे. मी हातमोजे घ्यायला सांगितलं होतं, त्यानं घातले नाहीत. तरी गावात मलाच बोल लावतात.
– एक वाचक, जि. यवतमाळ

तुमचा त्रास समजतो, पण गावाचं म्हणणं आम्हाला पटतं. औषध तुम्ही निवडलं, पंप तुमचा, फवारणीची वेळ तुम्ही ठरवली. कीटकनाशक नियम १९७१ मध्ये हाताळणाऱ्याला संरक्षक साधनं असावीत असं सांगितलं आहे. ‘घ्यायला सांगितलं’ एवढ्यावर जबाबदारी संपत नाही. साधनं तुम्ही आणून हातात द्यायची, आणि घातली नाहीत तर पंप द्यायचा नाही.

२०१७ च्या पावसाळ्यात तुमच्याच जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, औषधं एकत्र मिसळलेली, आणि फवारा अंगावर पडत होता. तेव्हा तयारी करताना डब्यावरचा त्रिकोण बघा. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. लाल त्रिकोणाचं औषध शक्यतो आणूच नका. दुकानदारानं दिलेली तीन औषधं एका टाकीत ओतू नका. पूर्ण बाह्यांचा शर्ट, रबरी हातमोजे, तोंडावर मास्क, डोळ्यांना चष्मा आणि पायात गमबूट द्या. पंपाच्या झाकणाचं वायसर बदला, कारण पाठीवर गळणाऱ्या पंपातून शर्ट भिजतो आणि तेच औषध दिवसभर कातडीतून आत जातं. फवारणी सकाळी, वाऱ्याकडे पाठ करून. उपाशीपोटी कुणाला धाडू नका. बांधावर साबण आणि दोन बादल्या पाणी असू द्या, आणि हात धुतल्याशिवाय खर्रा, बिडी किंवा पाणी नाही, हे पहिल्या दिवशीच ठरवा.

मळमळ, घाम, तोंडाला पाणी सुटणं, डोळ्यांची बाहुली बारीक होणं, स्नायू उडणं यातलं काहीही दिसलं तर त्याला रानातून बाहेर काढा, कपडे उतरवा, साबणानं अंग धुवा आणि १०८ ला फोन करा. औषधाचा डबा आणि आतलं माहितीपत्रक डॉक्टरकडे न्या. उतारा कोणता द्यायचा हे त्यावर छापलेलं असतं, आणि तो डॉक्टरनंच द्यायचा. घरी दूध पाजण्यात वेळ घालवू नका.

त्या मजुराला भेटायला अजून गेला नसाल तर आज संध्याकाळी जा. दवाखान्याची बिलं मागून घ्या, आणि तो घरी बसून आहे त्या दिवसांची मजुरीही हिशेबात धरा.